रकाने कोणी ठरवायचे?

आपल्या पिढीतील बहुतेक डॉक्टरांनी व्यवसायाची सुरुवात कागदी केसपेपरवर केली. वर नाव, वय, गाव. खाली एक रेघ. आणि रेघेखाली कोरी जागा. त्या कोऱ्या जागेत काय लिहायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे. आज सिल्वासातील लहानमोठ्या रुग्णालयांत केसपेपरच्या जागी संगणकाचा पडदा आला आहे आणि त्या पडद्यावर कोरी जागा फारशी उरलेली नाही. आहेत ते रकाने. कोणता रकाना असावा, तो कोणाला दिसावा, कोणता भरल्याशिवाय पुढे सरकता येऊ नये, हे कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेले असते. तो ‘कोणीतरी’ बहुधा आपण नसतो. तो आपणच असला पाहिजे, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे.

विषय तांत्रिक वाटेल आणि काही व्यवसायबंधू ‘हे आमच्या संगणकवाल्याला दाखवतो’ म्हणून पान उलटतील. त्यांना थांबवण्यासाठी प्रथम एक प्रसंग सांगतो. त्यातील चूक माझी आहे.

काही वर्षांपूर्वी, ऐन पावसाळ्यात, रात्री अकराच्या सुमारास खानवेलच्या पलीकडील एका पाड्यावरून एकोणीस-वीस वर्षांची तरुणी आमच्याकडे आली. अंगात ताप होता. पाठ आणि मांड्या ठणकत होत्या. रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरांनी तिला तपासले, साथीचा ताप समजून वेदनाशामक इंजेक्शन व गोळ्या दिल्या आणि घरी पाठवले. दीड दिवसाने ती परत आली ती धापा टाकतच. छातीत कळा, रक्तातील प्राणवायूचे प्रमाण उतरलेले, एक्स-रेमध्ये फुप्फुसाच्या खालच्या भागात पांढरे सावट. सिकल सेल आजारात ज्याला आपण ‘ॲक्यूट चेस्ट सिंड्रोम’ म्हणतो, तीच ही अवस्था. प्राणवायू आणि प्रतिजैविके सुरू करून तिला मोठ्या रुग्णालयात हलवले. तेथे तिला रक्त दिले गेले आणि सुदैवाने ती बरी झाली.

तिला सिकल सेल आजार आहे हे आमच्या रुग्णालयाला ठाऊक होते. आठ महिन्यांपूर्वी मीच तिची तपासणी करवून निदान संगणकात नोंदवले होते. माझ्या पडद्यावर ते ठळक दिसत होते. रात्रपाळीच्या डॉक्टरांच्या पडद्यावर तो रकानाच नव्हता. रकाना मी तयार केला होता, जतन केला होता. पण तो कोणाकोणासाठी लागू करायचा ही शेवटची पायरी केवळ माझ्या स्वतःच्या भूमिकेपुरती पूर्ण केली होती. त्या तरुण डॉक्टरांनी पूर्वेतिहास विचारायला हवा होता, हे खरेच. परंतु गर्दीत आणि अपुऱ्या झोपेत जे विचारायचे राहून जाते त्याची आठवण करून देण्यासाठीच तर आपण नोंदी ठेवतो.

विक्रेत्यांचे अवजार, डॉक्टरांच्या हाती

आमच्याकडील सॉफ्टवेअर मुळात रुग्णालयासाठी बनलेले नाही. ‘कस्टमर रिलेशनशिप मॅनेजमेंट’, म्हणजे ग्राहकांशी असलेले संबंध सांभाळण्याची व्यवस्था, ज्याला बाजारात सर्रास ‘सीआरएम’ म्हणतात, त्या जातीचे ते आहे. ही जात विक्री प्रतिनिधींसाठी जन्माला आली. कोणत्या गिऱ्हाइकाला कधी फोन केला, ते काय म्हणाले, पुढचा फोन कधी करायचा, सौदा कोणत्या टप्प्यावर आहे, हे विसरले जाऊ नये हा तिचा मूळ हेतू. १९९९ मध्ये निघालेल्या सेल्सफोर्स या अमेरिकन कंपनीने इंटरनेटवरून भाड्याने मिळणारे सीआरएम रूढ केले. आपल्याकडे, आज झोहो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चेन्नईच्या कंपनीने २००५ मध्ये स्वतःचे सीआरएम आणले. अपॉइंटमेंट, फेरतपासणीची आठवण, लसीकरणाच्या तारखा अशा कामांसाठी या प्रकारची सॉफ्टवेअरे छोट्या रुग्णालयांना परवडतात, म्हणून ती आपल्यापर्यंत पोचली.

आमच्या पडद्यावर पहिल्या दिवशी नवा रुग्ण ‘लीड’ होता. तपासून झाला की तो ‘कस्टमर’ होई. क्षयाचे औषध मध्येच सोडून दिलेला माणूस ‘गमावलेला सौदा’ या सदराखाली जाई आणि काही दिवसांनी यादीतून आपोआप नाहीसा होई. कारण गमावलेल्या सौद्यामागे वेळ घालवू नये हे विक्रीशास्त्राचे तत्त्व आहे. आपले तत्त्व नेमके उलटे. औषध सोडलेला रुग्ण यादीत सर्वांत वर दिसायला हवा. ते शब्द आणि तो क्रम बदलेपर्यंत आमची स्वागतकक्षातील मुलगी निष्ठेने, पडदा सांगेल तसे, चुकीचे काम करत होती.

या सॉफ्टवेअरचा मोठा गुण असा, की ते बदलता येते आणि त्यासाठी प्रोग्रॅमिंग यावे लागत नाही. काम चार पायऱ्यांचे आहे. पहिली पायरी रकान्याची. नवा रकाना तयार करायचा. त्यात मुक्त मजकूर लिहायचा की ठरलेल्या यादीतून निवड करायची, हे सांगायचे. दुसरी मांडणीची. तो रकाना पडद्यावर कोठे बसेल, कोणते अनावश्यक रकाने हटवायचे, कशाच्या वर काय यावे, ते ठरवायचे. तिसरी भूमिकेची. स्वागतकक्ष, परिचारिका, प्रयोगशाळा, रात्रपाळीचे डॉक्टर, हिशेबनीस. यांपैकी कोणाला काय दिसेल आणि कोणाला काय बदलता येईल, हे नेमायचे. चौथी पायरी लागू करण्याची. काही सीआरएममध्ये ‘जतन करा’ आणि ‘लागू करा’ या दोन निराळ्या आज्ञा असतात. जतन केल्याने बदल केवळ साठवला जातो. तो इतरांच्या पडद्यावर उमटतो तो लागू केल्यावरच, आणि तोही ज्या भूमिका आपण निवडल्या असतील त्यांच्यापुरता. माझी चूक तिसऱ्या आणि चौथ्या पायरीच्या मधल्या फटीत घडली. औषधाची चिठ्ठी लिहून ती खिशातच ठेवावी, तसा तो प्रकार होता.

एकच प्रणाली, दोन रुग्णालये

पडद्याच्या मांडणीने जीवितावर परिणाम होऊ शकतो, हे सांगायला एका लहान रुग्णालयातील एक प्रसंग पुरेसा नाही, याची मला जाणीव आहे. म्हणून वैद्यकीय वाङ्मयातील एका प्रसिद्ध जोडीकडे लक्ष वेधतो.

अमेरिकेतील पिट्सबर्गच्या बालरुग्णालयात २००२ च्या ऑक्टोबरमध्ये औषधांच्या सूचना संगणकावरून देण्याची पद्धत सुरू झाली. इतर रुग्णालयांतून विशेष उपचारांसाठी तेथे पाठवल्या गेलेल्या १,९४२ बालकांच्या नोंदी पुढे तपासण्यात आल्या. संगणकापूर्वीच्या तेरा महिन्यांत मृत्यूचे प्रमाण २.८० टक्के होते. नंतरच्या पाच महिन्यांत ते ६.५७ टक्के झाले. हा अभ्यास ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात डिसेंबर २००५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि मोठी खळबळ उडाली. त्यानंतर सिॲटलच्या बालरुग्णालयाने तीच संगणक प्रणाली बसवल्यावरचा आपला अनुभव २००६ मध्ये मांडला. तेथील अतिदक्षता विभागात मृत्यूचे प्रमाण आधी ४.२२ टक्के आणि नंतर ३.४६ टक्के होते. म्हणजे वाढ नव्हतीच.

प्रणाली तीच, मग फरक कशात? पिट्सबर्गमध्ये गंभीर बालक प्रत्यक्ष दारात येऊन त्याची नोंदणी पूर्ण होईपर्यंत एकही सूचना संगणकात देता येत नव्हती. पूर्वी रुग्णवाहिका वाटेत असतानाच औषधे तयार होत असत. नेहमी एकत्र लागणाऱ्या औषध-सूचनांचे तयार संचही सुरुवातीला नव्हते. प्रत्येक सूचना एकेक करून पडद्यावर शोधावी लागे. सिॲटलने असे संच आधी बनवून ठेवले होते आणि ते बनवताना प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना सोबत घेतले होते. मृत्यूंच्या वाढीचे सारे खापर मांडणीवर फोडणे शास्त्राला धरून होणार नाही. दोन्ही अभ्यासांतील रुग्ण सारखे नव्हते आणि पिट्सबर्गमध्ये त्याच काळात औषधांच्या वाटपाची व्यवस्थाही बदलली होती. तरी एवढे निश्चित, की सॉफ्टवेअर विकत घेतल्याने काम संपत नाही. ते आपल्या कामाच्या घडीनुसार बसवणे हा उपचाराचाच भाग आहे.

दुसरे उदाहरण कागदावरचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठी १९ मुद्द्यांची एक तपासयादी काढली. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरल्यावर शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतींचे ११ वरून ७ टक्क्यांवर आले. या कामाचे नेतृत्व करणारे डॉ. अतुल गवांदे यांचे मूळ आपल्या यवतमाळ जिल्ह्यातले, म्हणून मराठी मनाला त्याचे विशेष कौतुक. पण मला त्या यादीतील सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो तिच्या तळाशी असलेला बारीक अक्षरांतील मजकूर. ही यादी परिपूर्ण नाही, स्थानिक पद्धतीप्रमाणे तिच्यात भर घाला आणि बदल करा, असे त्यात सांगितले आहे. ज्यांनी जगासाठी एक नमुना बनवला त्यांनीच तो बदलण्याचा आग्रह धरला.

याच डॉ. गवांदे यांनी २०१८ मध्ये ‘द न्यू यॉर्कर’ साप्ताहिकात डॉक्टरांना संगणक नकोसा का होतो यावर दीर्घ लेख लिहिला. त्यात एक चुटपुट लावणारी गोष्ट आहे. त्यांच्या रुग्णालयसमूहात नव्या प्रणालीतील रकाने ठरवण्यासाठी बैठका झाल्या. कार्यालयीन कर्मचारी आले; त्यांनी आपल्या सोयीचे प्रश्न सक्तीचे करून घेतले. डॉक्टर काही वेळा त्या बैठकांना फिरकलेच नाहीत. पुढे तेच सक्तीचे रकाने भरताना त्यांचा वेळ जाऊ लागला. वाचकहो, हे वाचताना बॉस्टन आणि सिल्वासा यांतील अंतर मला फारसे वाटले नाही.

सिल्वासाचा केसपेपर

आता आपल्याकडे येऊ. २००१ च्या जनगणनेत दादरा व नगर हवेलीची लोकसंख्या २,२०,४९० होती. २०११ मध्ये ती ३,४३,७०९ झाली. त्यांपैकी सुमारे ५२ टक्के अनुसूचित जमातींचे: वारली, धोडिया, कोकणा, काथोडी आणि इतर. उरलेल्यांत कारखान्यांसाठी उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशापासून आलेले कामगार मोठ्या संख्येने आहेत. शिवाय गुजराती आणि आपण मराठी मंडळी. अशा गावात परगावी बनलेला पडदा जसाच्या तसा वापरला तर तो नको ते विचारतो आणि हवे ते विचारत नाही.

माझ्या अनुभवातून उपयोगी ठरलेले रकाने सांगतो. पहिला, रुग्ण कोणत्या भाषेत बोलतो. अर्ज कोणत्या भाषेत भरला हे महत्त्वाचे नाही. पोटात कसे दुखते हे ती बाई कोणत्या बोलीत सांगू शकते हे महत्त्वाचे. वारली बोलणारी परिचारिका कोणत्या पाळीत आहे ते पाहूनच आता आम्ही अशा रुग्णांना फेरतपासणीची वेळ देतो. दुसरा, पाडा आणि ओळखीची खूण. ‘गल्ली क्रमांक’ आणि ‘पिनकोड’ यांनी दुधनीच्या डोंगरात कोणी सापडत नाही. ‘शाळेच्या मागे, विहिरीजवळ’ असे लिहिले तर आरोग्यसेविका पोचते. तिसरा, मोबाइल क्रमांक कोणाचा. रुग्णाचा स्वतःचा, घरातील माणसाचा, की ठेकेदाराचा? गर्भपातानंतरच्या तपासणीची आठवण ठेकेदाराच्या फोनवर जाता कामा नये. चौथा, काम काय आणि कारखान्याच्या कोणत्या खात्यात. खोकला घेऊन आलेला माणूस सूतकताईच्या खात्यात आहे, रंगाईत आहे, की प्लास्टिक वितळवणाऱ्या यंत्रावर, हे कळल्याशिवाय त्याच्या खोकल्याचे निदान अर्धेच राहते. पाचवा, गावी कधी जाणार. होळी किंवा छठपूजेला महिनाभर गावी जाणाऱ्या क्षयरुग्णाला औषध आधी बांधून देता येते, पण ते त्याच्या जाण्यापूर्वी कळले तरच.

सहावा रकाना सिकल सेलचा. पंतप्रधानांनी १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकल सेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेचा आरंभ केला. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट. आपला प्रदेश आदिवासीबहुल असल्याने ही मोहीम आपल्या दाराशीच आहे. परंतु रकान्यात केवळ ‘सिकल: होय/नाही’ असे ठेवले तर ते न ठेवल्यापेक्षा घातक. विद्राव्यता चाचणी, जिला आपण सोल्युबिलिटी म्हणतो, ती वाहक आणि रुग्ण यांत भेद करू शकत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. म्हणून यादीत पाच पर्याय हवेत: तपासलेले नाही, प्राथमिक चाचणी सदोष, पुष्टी बाकी, सामान्य, वाहक, आजार. शेजारी चाचणीचे नाव आणि तारीख. यांत ‘तपासलेले नाही’ हा पर्याय मला सर्वांत मोलाचा वाटतो. रिकामा रकाना पाहून थकलेले मन ‘काही नसावे’ असे धरून चालते. रिकामे म्हणजे नकार नव्हे, हे पडद्यानेच सांगितले पाहिजे.

सक्ती खोटे बोलायला शिकवते

जे रकाने घालावेत त्यांच्याइतकेच जे काढावेत तेही महत्त्वाचे. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये जन्मतारीख सक्तीची होती. एकदा वयानुसार यादी काढली तेव्हा दिसले, की आमच्या रुग्णांपैकी पुष्कळजण १ जानेवारीलाच जन्मले आहेत! तारीख ठाऊक नसलेल्या म्हातारीला पडदा पुढे जाऊ देईना, म्हणून स्वागतकक्षातील मुलगी वर्षाचा अंदाज करून १ जानेवारी लिहून टाकत असे. ईमेलच्या जागी आमच्याच रुग्णालयाचा पत्ता असे आणि मोबाइलच्या जागी दहा वेळा ९. तिला दोष देण्यात अर्थ नव्हता. बाहेर चाळीस माणसे उभी असताना तिने त्यांच्या बाजूने निर्णय घेतला होता. आम्ही जन्मतारखेची सक्ती काढली, ‘वय अंदाजे’ आणि ‘वय दाखल्यावरून’ असे दोन पर्याय दिले, ईमेल हटवला. नोंदी कमी भरल्या जाऊ लागल्या, पण खऱ्या भरल्या जाऊ लागल्या.

लाल सूचनांचेही असेच. प्रत्येक औषधाला, प्रत्येक वयाला पडदा ओरडू लागला की बोट आपोआप ‘ठीक आहे’वर पडते आणि ज्या एका सूचनेसाठी थांबायला हवे होते तीही निसटते. माझ्या मते एका रुग्णाच्या पानावर एका वेळी दोनाहून अधिक धोक्याच्या सूचना असू नयेत.

कोणाला दिसावे, कोणाला नाही

आता माझी दुसरी चूक. त्या तरुणीच्या प्रसंगानंतर अपराधी मनाने मी सिकलचा रकाना घाईघाईने सर्वांसाठी खुला केला. नावाशेजारीच, लाल अक्षरांत. स्वागतकक्षातील संगणकाचा पडदा प्रतीक्षागृहातील बाकांकडे थोडा तिरका होता, हे माझ्या ध्यानीही आले नाही. दोन महिन्यांनी एक वडील माझ्यासमोर येऊन बसले. आवाज न चढवता त्यांनी विचारले, “साहेब, माझ्या पोरीचं पाड्यात कोणी सांगितलं?” त्यांच्या मुलीचे लग्न ठरत आले होते, बोलणी थांबली होती. ती मुलगी केवळ वाहक होती. तिला आजार नव्हताच. बाकावर बसलेल्या कोणीतरी लाल अक्षरे वाचली आणि वाहक व आजारी यांतला भेद वाटेत गळून पडला.

पहिल्या वेळी ज्यांना दिसायला हवे होते त्यांच्यापासून मी माहिती लपवली. दुसऱ्या वेळी ज्यांना दिसायला नको होते त्यांच्यापुढे ती मांडली. दोन्ही वेळा चूक निदानात नव्हती, औषधात नव्हती. ‘कोणासाठी लागू’ या एका खिडकीत होती. त्या वडिलांची मी क्षमा मागितली आणि मुलाकडच्यांना दोन्ही कुटुंबांच्या संमतीने भेटून वाहक म्हणजे काय ते समजावले. बोलणी पुन्हा सुरू झाली की नाही, हे मला त्यांना विचारवले नाही.

आज आमच्याकडे स्वागतकक्षाला एवढेच दिसते: ‘डॉक्टरांना लगेच कळवा’. कारण दिसत नाही. परिचारिका आणि सर्व पाळ्यांतील डॉक्टरांना पूर्ण नोंद दिसते. हिशेबनिसाला काहीच दिसत नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये संमत केला आहे. परंतु गुपित राखण्याची शपथ आपण त्याच्या कितीतरी आधी घेतलेली आहे.

काही आक्षेप

पहिला आक्षेप वेळेचा. ‘ओपीडी सांभाळू की पडदे मांडत बसू?’ माझा हिशेब असा, की आमच्या चार भूमिकांची मांडणी पुन्हा करायला दोन रविवारच्या दुपारी लागल्या. त्याहून अधिक वेळ आपण दर महिन्याला हरवलेले रिपोर्ट शोधण्यात घालवतो.

दुसरा आक्षेप असा, की प्रत्येक डॉक्टर आपापले रकाने वाढवत गेला तर पडदा म्हणजे जत्रा होईल. हा आक्षेप रास्त आहे. त्यावर आम्ही एक साधा नियम केला: नवा रकाना घालायचा तर एक जुना काढायचा, आणि तो कोणता निर्णय बदलेल हे एका वाक्यात लिहून द्यायचे. ज्याने कोणताच निर्णय बदलत नाही तो रकाना नको. बदल करण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे आणि केलेल्या बदलांची वही वेगळी. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की आपले बदल पुसले जातील ही भीती बोलून दाखवली जाते. सॉफ्टवेअरने दिलेल्या मांडणीच्या सोयीतून केलेले बदल सहसा टिकतात. कोणाकडून आतला प्रोग्रॅमच बदलून घेतला तर मात्र धोका असतो. तो मोह टाळावा.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर. सरकार साऱ्या देशाच्या आरोग्यनोंदी एका सूत्रात आणू पाहत असताना प्रत्येक गावाने आपापला पडदा मांडावा का? लक्षात असेल, की राष्ट्रीय डिजिटल आरोग्य मोहिमेचा प्रारंभ १५ ऑगस्ट २०२० रोजी सहा केंद्रशासित प्रदेशांत झाला आणि त्यांत आपला प्रदेश होता. पुढे २७ सप्टेंबर २०२१ पासून ती ‘आयुष्मान भारत डिजिटल मिशन’ या नावाने देशभर गेली. तिचा १४ अंकी ‘आभा’ क्रमांक आपल्यासारख्या ठिकाणी वरदान आहे. एकाच पाड्यात एकाच नावाच्या तीन बाया असतात आणि एकाच बाईचे नाव मराठी, गुजराती व इंग्रजी अशा तीन लिप्यांतून तीन रूपे घेते. जे बाहेर प्रवास करणार आहे, म्हणजे ओळख, निदान, औषधे, तपासण्या, ते सर्वत्र एकाच साच्यात असावे. ‘विहिरीजवळ’, ‘ठेकेदाराचा फोन’, ‘छठला गावी’ हे येथेच उपयोगी पडणारे. ते आपले आपण ठरवावे. छत्तीसगडमधील गनियारी येथे जन स्वास्थ्य सहयोगच्या रुग्णालयात थॉटवर्क्स या कंपनीच्या अभियंत्यांनी डॉक्टरांसोबत बसून ‘बहमनी’ नावाची मुक्त प्रणाली घडवली. तिच्यात गावाचे नाव आधी लिहिले की तालुका व जिल्हा आपोआप भरले जाऊ शकतात. कारण खेड्यातील माणूस पत्ता गावापासून सांगतो. एका ग्रामीण रुग्णालयाच्या गरजेतून निघालेली ती प्रणाली पुढे अनेक देशांत गेली. स्थानिक गरज प्रामाणिकपणे मांडली तर ती इतरांनाही उपयोगी पडते, असा याचा अर्थ.

एक विनंती

आपल्या संस्थेकडे माझी विनंती साधी आहे. येत्या वार्षिक सभेत तासभर या विषयाला द्यावा. या परिसरातील रुग्णांसाठी किमान आवश्यक अशा रकान्यांची एक पानी यादी आपण मिळून करावी. प्रत्येक रुग्णालयाने ती आपापल्या सॉफ्टवेअरमध्ये बसवावी. यादी करताना परिचारिका, स्वागतकक्षातील कर्मचारी आणि एखादी पाड्यावर फिरणारी आरोग्यसेविका यांना बोलवावे. आणि ज्या डॉक्टरांना ‘यात माझे काय काम’ असे वाटते, त्यांनी तर अवश्य यावे.

तोवर एक चाचणी आपल्याकडे करून पाहा. एक नकली रुग्ण तयार करा. त्याला सिकल सेल आजार आणि पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याचे नोंदवा. मग स्वतःच्या नावाने नव्हे, तर रात्रपाळीच्या डॉक्टरांच्या भूमिकेतून संगणकात शिरून ते पान उघडा आणि काय दिसते ते पाहा. नंतर स्वागतकक्षाच्या भूमिकेतून शिरा आणि बाकावर जाऊन बसा. या दोन्ही ठिकाणांहून पडदा पाहायला मला दहा मिनिटे लागली असती. त्या दहा मिनिटांची किंमत दोन कुटुंबांनी मोजली.

ती खानवेलकडची तरुणी आजही नियमाने फेरतपासणीला येते. गेल्या खेपेस रात्रपाळीचे नवे डॉक्टर तिच्याशी बोलत होते. तिने तोंड उघडण्यापूर्वीच त्यांनी विचारले, “छातीत दुखतंय का? पाणी पुरेसं पितेस ना?” तिने मान हलवली. मी दारातून परत फिरलो. तेथे माझे काही काम नव्हते.